मांजरा नदीचें वळण व तीरावरील गांवें

मांजरा बालाघाटाच्या डोंगरांत, बीड जिल्ह्याच्या पाटोदे तालुक्यांत उगम पावते. लातुराकडून आग्नेयीस जात ती बेदर ओलांडून मेदकच्या मुलुखांत शिरते. तेथें दिशा पालटून उत्तरेस वळते आणि नांदेड जिल्ह्याच्या पूर्व कडेनें येऊन कुंडलवाडीनजीक गोदावरीस मिळते. लांबी सुमारें ७२४ किलोमीटर. महाराष्ट्र सोडून पुन्हां त्याच्याच सीमेस येणारी ही नदी.

ब्रह्मपुराणांतर्गत गौतमीमाहात्म्यांत वञ्जरासंगमाचें आख्यान आहे. मत्स्यपुराणांतील सह्योद्भव नद्यांत वञ्जुला हें नांव येतें; ती हीच असावी असें आम्हांस वाटतें. मांजराशीं नातें जोडणारी व्युत्पत्ति करमणुकीपुरती ठीक.

कागद धुंडाळणारांनीं मात्र या वळणाकडे निराळ्या दृष्टीनें पहावें. १९५६ सालीं हैदराबाद राज्याची वांटणी झाली, तेव्हां नांदेड जिल्हा मुंबई राज्यांत आला. पण देगलूर तालुक्यांतील जुक्कल व बिचकुंदा हीं मंडळें त्यांतून वगळून आंध्राकडे दिलीं. मुधोळ तालुक्याचेंहि तसेंच झालें. मुधोळ, भैंसा, कुबेर तिकडे गेलीं, धर्माबाद इकडे राहिलें. बेदर जिल्हा तर तीन राज्यांत वांटला गेला. त्यांतले उदगीर, अहमदपूर व निलंगा हे तालुके आधीं उस्मानाबादेस जोडले व १९८२ पासून लातूर जिल्ह्यांत आहेत.

येथें लक्षांत घेण्याजोगी गोष्ट अशी, कीं जुक्कल-बिचकुंदा हीं मांजरेच्या पश्चिमेस, म्हणजे देगलूरच्याच अंगास आहेत. म्हणजे तेथें नदी ही सीमा नव्हेच. आज तीं तेलंगणांतील कामारेड्डी जिल्ह्यांत मोडतात, तरी मराठी बोलणारीं घरें तेथें आहेत. देशमुखी व देशपांडेपण हीं वतनें परगण्यावर चालत. १९५६ ची रेघ त्यांस ठाऊक नव्हती. देगलूरचा शोध देगलुरांतच आटोपणाऱ्या संग्राहकाच्या हातीं पोथीचीं मधलीं पानें लागत नाहींत!

उत्तरेस सगरोळी व येसगी हीं बिलोली तालुक्यांतील गांवें थेट पात्रालगत आहेत. पलीकडे बोधनचा मुलूख. हल्लीं त्यांचें नांव वाळूच्या लिलावापुरतें कानीं पडतें. वरच्या अंगास निजामसागराचें धरण १९३१ सालीं पुरें झालें.

या पट्ट्यांत मोडीखेरीज फारसी व तेलुगु लेखहि समोर येणार. तेव्हां एकट्यानें जाण्यापेक्षां जाणता सोबती घ्यावा. नकल करतांना परगण्याचें नांव आधीं लिहावें, तालुका व जिल्हा मागाहून.