बाळंतिणीचे रक्त : बेळगाव जिल्ह्यातील एका संशोधनाचा इतिहास

जुन्या मराठी घराण्यांचे कुलवृत्तान्त चाळू लागले की एक गोष्ट वारंवार नजरेस येते. एकाच पुरुषाच्या नावापुढे प्रथम पत्नी, द्वितीय पत्नी, क्वचित तृतीय पत्नी अशी नोंद असते. पहिलीच्या नावापुढे फार तर माहेरचे आडनाव असते. ती कशाने व कोणत्या वयात गेली, हे लिहिलेले नसते. घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांना विचारले तर 'बाळंतपणात गेली' एवढेच उत्तर मिळे. बेळगाव, खानापूर, चिकोडी, निपाणी या भागांत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या घरांतही याहून वेगळे घडलेले नाही. बाळंतपण म्हणजे बाईचा दुसरा जन्म, असे आपण म्हणत आलो. तो दुसरा जन्म जिला मिळाला नाही, तिचे नशीब सटवाईने तसेच लिहिले होते अशी समजूत करून घेत आलो.

सरकारी दप्तरही या बाबतीत कुलवृत्तान्ताहून फारसे बोलके नव्हते. १९५६ साली राज्य पुनर्रचना होईपर्यंत हा जिल्हा आधी मुंबई इलाख्यात व नंतर मुंबई राज्यात होता. इंग्रजी अमदानीतील मृत्यूंच्या तक्त्यांत पटकी, देवी, प्लेग, ताप, हगवण, श्वसनाचे विकार आणि अपघात असे मुख्य रकाने असत, आणि शेवटी 'इतर सर्व कारणे'. बाळंतिणीचा मृत्यू बहुधा तापात किंवा या शेवटच्या रकान्यात जमा होई. राज्य सरकारच्या नोकरीत उमर घालविल्यानंतर आम्हांस एवढे निश्चित सांगता येते की, ज्याला रकाना नाही त्याच्यासाठी तरतूद होत नाही. बाळंतिणींच्या मृत्यूंचा इतिहास हा बराचसा या न मांडलेल्या रकान्याचा इतिहास आहे.

बाळंतिणीच्या मृत्यूचे सर्वांत मोठे प्रत्यक्ष कारण रक्तस्राव हे होय. दिवस भरत आले की गर्भाशयाकडे दर मिनिटाला अर्ध्या लिटरहून अधिक रक्त वाहत असते. वार सुटल्यावर ती जेथे चिकटलेली होती तेथील रक्तवाहिन्या उघड्या पडतात. त्यांना बांधून टाकणारी दुसरी कोणतीही सोय शरीरात नाही. गर्भाशयाचे स्नायू घट्ट आवळले गेले म्हणजेच त्या मिटतात. हे आवळणे झाले नाही, गर्भाशय सैल राहिले, तर नळ उघडा राहावा तसे रक्त वाहते. वारेचा तुकडा आत राहणे, प्रसूतिमार्गास जखम होणे आणि रक्त न गोठणे ही उरलेली कारणे. परंतु दर दहांपैकी सुमारे सात वेळा दोष गर्भाशयाच्या सैलपणाचाच असतो. हा प्रसंग कोणावर येईल हे आधी ओळखता येत नाही. धडधाकट बाईलाही तो गाठतो, आणि उपाय न झाल्यास दोनएक तासांत सारे संपते.

यावर औषध नव्हते असे नाही. राय या धान्यावर वाढणाऱ्या बुरशीपासून मिळणारे अर्गोमेट्रिन १९३५ साली लंडनमध्ये वेगळे काढण्यात आले. ऑक्सिटोसिन हे शरीरातीलच संप्रेरक १९५३ साली व्हिन्सेंट द्यू व्हिन्यो यांनी प्रयोगशाळेत तयार केले. १९५५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. आजही ऑक्सिटोसिन हेच पहिल्या पसंतीचे औषध आहे. परंतु ते टोचावे लागते आणि दोन ते आठ अंश तापमानात ठेवावे लागते. जेथे वीज बेभरवशाची आणि प्रसूती घरच्या खोलीत, तेथे शहरातील इस्पितळाच्या शीतकपाटातील औषधाचा उपयोग कोणता?

डॉ. आनंदीबाई जोशी यांचे स्मरण येथे अपरिहार्य आहे. चौदाव्या वर्षी झालेले मूल दहा दिवसांत गेले, त्या दुःखातून त्या वैद्यकाकडे वळल्या. १८८६ साली अमेरिकेत एम.डी. होताना त्यांनी प्रबंधाचा विषय निवडला तो हिंदूंमधील प्रसूतिशास्त्राचा. निपाणीपासून चाळीसेक किलोमीटरवरील कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड इस्पितळात स्त्रियांच्या विभागावर त्यांची नेमणूक झाली होती; पण रुजू होण्यापूर्वीच फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यास त्यांचे निधन झाले. त्यानंतर शंभर वर्षे उलटली तरी खेड्यातील बाळंतपण बव्हंशी घरीच राहिले. १९९८-९९ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील जेमतेम एक-तृतीयांश प्रसूती दवाखान्यात होत होत्या.

अशा वेळी बेळगावात जे काम झाले, त्याची माहिती आपल्यापैकी फार थोड्यांना आहे. केएलई संस्थेच्या, १९६३ साली स्थापन झालेल्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. बी. एस. कोडकणी, डॉ. शिवप्रसाद गौडर आणि त्यांचे सहकारी, तसेच अमेरिकेतील डॉ. रिचर्ड डर्मन व डॉ. स्टेसी गेलर यांनी सप्टेंबर २००२ ते डिसेंबर २००५ या काळात जिल्ह्याच्या ग्रामीण भागात एक चाचणी केली. मिसोप्रोस्टॉल हे मूळचे जठराच्या व्रणावरचे औषध. ते गर्भाशयही आवळते, गोळीच्या रूपात मिळते आणि त्याला शीतकपाट लागत नाही. ही गोळी खेड्यातील नर्सबाईने बाळंतिणीला दिली तर रक्तस्राव टळेल काय, हा प्रश्न होता.

त्याआधी दुसरा प्रश्न सोडवणे भाग होते. रक्त किती गेले हे ठरवायचे कसे? लुगडी, चिंध्या, जमीन यांकडे पाहून केलेला अंदाज नेहमी कमी निघतो. त्यासाठी बाळंतिणीच्या अंगाखाली घालण्याची, खाली निमुळती होत गेलेली व मापाच्या खुणा असलेली प्लॅस्टिकची पिशवी तयार करण्यात आली. नुसत्या नजरेचा अंदाज या पिशवीच्या मापापेक्षा सुमारे एक-तृतीयांशाने कमी भरतो, हे बेळगावच्याच अभ्यासात दिसून आले. शतकानुशतके 'थोडेसे अंगावरून गेले' म्हणून सोडून दिलेल्या रक्ताला प्रथमच माप मिळाले.

चाचणीत १६२० स्त्रिया होत्या. ८१२ जणींना खरी गोळी आणि ८०८ जणींना तशीच दिसणारी निरौषधी गोळी देण्यात आली. बाळंतपणे करणे, गोळी देणे आणि रक्त मोजणे ही तिन्ही कामे २५ ए.एन.एम. नर्सबाईंनी केली. अर्धा लिटर वा अधिक रक्त जाण्याचे प्रमाण निरौषधी गटात शेकडा १२ होते, ते औषधाच्या गटात ६.४ वर आले. तीव्र रक्तस्राव १.२ वरून ०.२ वर आला. अठरा जणींना गोळी दिली की एकीचा रक्तस्राव टळतो, असा हिशेब निघाला. थंडी वाजून ताप येणे हा त्रास औषधाने वाढला, पण तो तात्पुरता होता. २००६ साली 'द लॅन्सेट' या नियतकालिकात हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. २०११ साली जागतिक आरोग्य संघटनेने रक्तस्राव टाळण्यासाठी हे औषध अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतले.

निम्म्या स्त्रियांना निरौषधी गोळी का दिली, हा प्रश्न वाचकांच्या मनात येईल आणि तो रास्त आहे. त्या काळी नर्सबाईंच्या हातून होणाऱ्या अशा प्रसूतींत प्रतिबंधक औषध देण्याची रीतच नव्हती, हे त्याचे उत्तर. ते तर्काला पटते. मनाला पुरते पटत नाही. त्या ८०८ जणींचे ऋण मान्य केल्याशिवाय या यशाची गोष्ट सांगू नये, असे आम्हांस वाटते.

या चाचणीतील एक बारकावा आम्हांस फार मोलाचा वाटतो. काळ गेला तसतसे रक्तस्रावाचे प्रमाण दोन्ही गटांत कमी होत गेले, निरौषधी गटातही. आम्ही त्याचा अर्थ असा लावतो की, रक्त मोजले जाऊ लागले तेव्हा नर्सबाईंचे लक्ष व हातही अधिक सावध झाले. औषधाचा गुण वेगळा आणि मोजण्याचा गुण वेगळा.

पुढील इतिहासाने त्यास दुजोरा दिला. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका व टांझानिया येथील ८० इस्पितळांत झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मापाची पिशवी व सर्व उपचार एकदम सुरू करण्याची पद्धत वापरली गेली. तेथे तीव्र रक्तस्राव, त्यासाठी करावी लागणारी पोटाची शस्त्रक्रिया व त्यातून होणारे मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण ४.३ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आले. उष्णतेत टिकणाऱ्या कार्बेटोसिन या औषधाची दहा देशांतील चाचणी २०१८ साली प्रसिद्ध झाली. तीतही बेळगावचा सहभाग होता. २०२५ च्या जागतिक मार्गदर्शक सूचनांनी तर अर्ध्या लिटरची वाट न पाहता, ३०० मिलिलिटर रक्त गेले आणि नाडी वा रक्तदाब बिघडला की उपचार सुरू करावेत, असे सांगितले आहे.

दरम्यान आपल्याकडेही बरेच पालटले. २००५ साली जननी सुरक्षा योजना आली. २०१९-२१ च्या पाहणीत देशातील शेकडा ८८.६ प्रसूती दवाखान्यात झाल्याचे आढळले. कर्नाटकात २००१-०३ मध्ये लाख जिवंत जन्मांमागे २२८ मातांचे मृत्यू होत. २०१८-२० मध्ये ते ६९ झाले. मात्र त्याच पाहणीत देशातील निम्म्याहून अधिक गरोदर स्त्रियांत रक्त कमी आढळले. निपाणीत दिवसभर विड्या वळणाऱ्या, रक्त आधीच कमी असलेल्या बाईचे अर्धा लिटर आणि भरल्या घरातील सुनेचे अर्धा लिटर मापाने सारखे असले तरी परिणामाने सारखे नसते. पहिलीच्या अंगात गमावण्याजोगे रक्तच नसते. डिंकाचे व अळिवाचे लाडू बाळंतपणानंतर आवर्जून करणाऱ्या आपल्या घरांनी गरोदरपणातच हिमोग्लोबिन तपासून घ्यावे, लोहाच्या गोळ्या नेमाने द्याव्यात आणि प्रसूतीनंतरचे पहिले दोन तास बाळाइतकेच लक्ष आईकडेही ठेवावे.

आणखी एक विनंती. अनेक घराण्यांत कुलवृत्तान्ताच्या सुधारित आवृत्त्या निघत असतात. 'प्रथम पत्नी' या दोन शब्दांपुढे तिचे नाव, वय आणि मृत्यूचे कारण, जेवढे घरातील वृद्धांना अद्याप आठवते तेवढे, लिहून घ्यावे. सरकारने न मांडलेला रकाना निदान आपण आपल्या घरच्या वहीत मांडू शकतो; आणि हे सांगू शकणारी माणसे आता फार थोडी उरली आहेत.