जकात (बेळगाव–पिरनवाडी परिसर)

मालाच्या वाहतुकीवर अथवा गावात होणाऱ्या त्याच्या आयातीवर बसविला जाणारा कर. बेळगावचा घाटमाथा आणि खालचे कोकण-गोमंतक यांना जोडणाऱ्या वाटांवरून माल पिढ्यान्‌पिढ्या चढत-उतरत आला. बेळगाव–खानापूर रस्त्याला जांबोटी–चोर्ल्याचा फाटा जेथे फुटतो, ते पिरनवाडी अशाच एका वाटेवर वसले आहे.

मराठी अमलात माल भरल्या ठिकाणी थळभरीत, विकल्या ठिकाणी थळमोड आणि शिक्क्याबद्दल छापा, अशी जकातीची विभागणी असे. ठिकठिकाणच्या चौक्यांचा जाच चुकावा म्हणून दूरदेशी माल धाडणारा सावकार हुंडेकऱ्याशी ठराव करी, आणि हुंडेकरी एकरकमी मोबदल्यात वाटेवरचा सारा भरणा अंगावर घेऊन माल मुक्कामी पोचवी. नवी पेठ वसवावयाची तर काही वर्षांची माफी देऊन कौल (अभयपत्र) दिला जाई. उदीम वाढल्याखेरीज महसूल वाढत नाही, हे त्या कारभाऱ्यांनी पुरते ओळखले होते.

इंग्रजी अमलात १८३८ साली मुंबई इलाख्यातील वाटेवरची जकात उठली. पुढे नगरपालिकांनी ती शहराच्या वेशीवर घेण्यास आरंभ केला. नाक्यावर गाडीवानाने बीजक दाखवावे, कारकुनाने पोती मोजून वजनावर वा किमतीवर आकारणी करून पावती फाडावी, असा तो नित्याचा व्यवहार. त्यात वेळ मोडे, तंटे होत. तथापि दिवाबत्ती, नळ, गटारे यांचा खर्च त्याच पेटीतून निघे, व भरणारास आपला पैसा गावातच खर्ची पडताना दिसे, ही जकातीची मोठीच जमेची बाजू मानली पाहिजे.

कर्नाटक सरकारने १९७९ मध्ये जकात रद्द करून राज्याचा प्रवेशकर लागू केला. खोळंबा सरला हे व्यापाराच्या हिताचेच झाले. परंतु स्वतःच्या हक्काच्या उत्पन्नाऐवजी नगरपालिकांना सरकारी अनुदानाची वाट पाहणे आले. १ जुलै २०१७ पासून प्रवेशकरही वस्तू व सेवा करात विलीन झाला. पिरनवाडीजवळच्या उद्यमबाग–मच्छे भागातील ओतकाम कारखानदारास कच्च्या मालावर भरलेल्या कराची वजावट आता मिळते, आणि एकाच मालावर करावर कर चढत नाही, हा नव्या पद्धतीचा निर्विवाद लाभ होय. मात्र हा कर उपभोगाच्या ठिकाणचा असल्याने येथे घडलेल्या वस्तूवरील राज्याचा हिस्सा ती जेथे अखेरीस वापरली जाते त्या राज्याकडे जातो, तिची वाहतूक मात्र येथल्याच रस्त्यांवरून होते. आणि स्थानिक संस्थेच्या हाती स्वतःची अशी मुख्यत्वे घरपट्टी व पाणीपट्टीच उरते.