कोशातले शब्द आणि तोंडातले शब्द

शब्दसंपत्ती म्हटली की आपल्यापुढे जड जड संस्कृत शब्द उभे राहतात. ज्याच्या तोंडी असे शब्द अधिक, त्याची भाषा भारी, असा एक समज आपल्याकडे पक्का बसलेला आहे. भाषेचा इतिहास मात्र थोडं निराळं सांगतो.

शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक १६७४ साली झाला. त्या वेळी कारभारात फारसी शब्दांची गर्दी झाली होती. महाराजांच्या आज्ञेवरून रघुनाथ नारायण हणमंते यांनी राज्यव्यवहारकोश सिद्ध केला आणि त्यात या शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. मुजुमदार हा अमात्य झाला, सुरनीस सचिव झाला, डबीर सुमंत झाला आणि सरनोबत सेनापती. हे योग्यच झालं. राज्य आपलं म्हटल्यावर दरबाराची भाषाही आपली नको का? पण गावात पाहावं तर जमीन, वसूल, बाजार, हवालदार हे शब्द जागचे हलले नाहीत. रोजच्या वापराने ते माणसांच्या जिभेवर रुळले होते, आणि तिथून शब्दाला उठवणं राजालाही सोपं नसतं.

पुढे इंग्रजी अमदानीत निराळाच उद्योग सुरू झाला. जगन्नाथशास्त्री क्रमवंत, परशुरामपंत गोडबोले वगैरे पंडितांनी मिळून १८२९ साली मराठीचा मराठीत कोश केला. जेम्स मोल्सवर्थ हा लष्करातला इंग्रज अधिकारी. त्याने कँडी बंधू आणि आपले शास्त्री यांच्या साहाय्याने मराठी-इंग्रजी कोश रचला. तो १८३१ साली निघाला, आणि वाढवलेली दुसरी आवृत्ती १८५७ साली. हा कोश चाळून पाहावा. पोथीतल्या शब्दांच्या शेजारी शेतातले, गोठ्यातले, चुलीपुढचे शब्द मांडीला मांडी लावून बसले आहेत. म्हणी आहेत, वाक्प्रचार आहेत. आपण ज्याला अडाणी बोली म्हणून नाक मुरडतो, ती त्या मंडळींनी मोलाची म्हणून टिपून ठेवली!

आता मोल काय, तेही पाहू. वळीव वेगळा, झड वेगळी, सर वेगळी. वळीव गडगडाट करीत येतो आणि घटकेत निघून जातो. झड लागली की दिवसच्या दिवस सूर्य दिसत नाही. एखादा मुलगा निबंधात लिहितो, 'पावसानं झड लावली'. गुरुजी ते खोडून 'जोरदार पाऊस पडला' असं करतात. भाषा सुधारली खरी, पण अर्थ गेला, कारण झडीचा पाऊस जोरदार असतोच असं नाही. तसाच वापसा. पाऊस उघडला, जमीन धड चिखल नाही, धड कोरडी नाही, औत घालण्याजोगी झाली, हे सगळं त्या तीन अक्षरांत येतं. शेतीशास्त्राच्या पुस्तकांनीही हा शब्द जसाच्या तसा उचलला. आणि गुरांच्या डॉक्टरांपुढे भाकड गाईला कुणी वांझ म्हटलं तर? भाकड म्हणजे सध्या आटलेली. ती पुन्हा विऊन दूध देईल. वांझ गाय विणारच नाही. शब्द चुकला तर औषध चुकायचं, नाहीतर चांगली गाय बाजारात जायची.

त्रिंबक नारायण आत्रे यांचं 'गावगाडा' १९१५ साली प्रसिद्ध झालं. बलुतं, वतन, गावकी यांचं वर्णन त्यांना करता आलं, कारण गावाचे शब्द त्यांना ठाऊक होते. पुढे १९३२ ते १९३८ या काळात दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाचे सात विभाग निघाले.

काही शब्द जाणारच. विहिरीवर विजेचा पंप बसला, मोट गेली आणि मोटेबरोबर नाडा, सोंदूर, थारोळं हेही निघाले. त्याचं फार दुःख करू नये. वस्तू गेली, शब्द गेला. परंतु वळीव अजून पडतो, वापशाची वाट अजून पाहावी लागते आणि गाय अजून आटते. हे शब्द मुलांच्या तोंडून जातात ते वस्तू गेली म्हणून नव्हे, वहीत त्यांवर लाल रेघ पडते म्हणून.

शिक्षक बंधुभगिनींनी एक करून पाहावं. म्हाताऱ्या माणसांकडून मुलांना दहा-दहा शब्द लिहून आणायला सांगावं, आणि शब्दापुढे गावाचं नाव मांडावं. शेजारच्या तालुक्यात त्याच वस्तूला दुसराच शब्द निघेल, आणि कोणता बरोबर म्हणून वर्गात भांडणही जुंपेल. जुंपू द्यावं.