तुपाचे सोंग आणि तिळाची साक्ष

नव्या अन्नापुढे समाज नाक मुरडतो, असे म्हणतात. वनस्पती तुपाच्या इतिहासात आम्हांस निराळेच दिसते. जिभेने त्याला लवकरच घरात घेतले. पंक्तीत मात्र तुपाचा मान त्याला कधी मिळाला नाही.

तेल थिजविण्याची ही युक्ती मूळची जर्मन. विल्हेल्म नॉर्मान याने १९०२ साली तिचे पेटंट घेतले. निकेलच्या बारीक चूर्णाच्या सान्निध्यात तापल्या तेलातून हायड्रोजन वायू सोडला की ते घट्ट होते. असला माल प्रथम हॉलंडहून आपल्याकडे येई. १९३२ साली मुंबईस शिवडीच्या कारखान्यात तो होऊ लागला आणि १९३७ साली ‘डालडा’ हे नाव बाजारात आले. ताडाचे झाड रंगविलेला तो पिवळा डबा रिकामा झाल्यावरही घराबाहेर जात नसे. त्यात डाळी राहत, नाहीतर तुळस लागे.

स्वस्ताई हे या स्वागताचे एक कारण. दुसरे असे की, कारखानदारांनी त्याला तुपासारखी कणी आणली होती. पण हेच साम्य पुढे त्याच्या बदनामीचे मूळ ठरले. व्यापारी ते साजूक तुपात बेमालूम मिसळू लागले. गांधीजींनी १९४६ साली ‘हरिजन’मधून त्याविरुद्ध लिहिले, स्वातंत्र्यानंतर पंडित ठाकुरदास भार्गव यांनी संसदेत बंदीचे विधेयक आणले. बंदी नको तर निदान रंग द्या, असाही आग्रह झाला. परंतु निरुपद्रवी, कढईत टिकणारा आणि लबाडाला काढून टाकता न येणारा असा रंग काही ठरेना.

अखेर तोडगा निघाला तो तिळाचा. वनस्पतीत शेकडा ५ तिळाचे तेल घालण्याची सक्ती झाली. संशयित तुपात हायड्रोक्लोरिक आम्ल व फरफ्यूरल घालून हलवावे. आम्लाचा थर तांबूस झाला की भेसळ उघडी. तोडगा चतुर खरा, पण तो निरीक्षकाच्या परीक्षानळीपुरता. गृहिणीच्या डोळ्यांना काहीच दिसत नसे. (कचेरीत हयात घालविणाऱ्या आम्हां मंडळींना ही पद्धत ओळखीची वाटेल: पुरावा फायलीत असतो, ज्याला हवा त्याच्या हाती नसतो.) तिने मग आपला निवाडा भाषेत केला. ‘डालडा’ म्हणजे नकली, असा अर्थ रूढ झाला.

एका गोष्टीविषयी मात्र तिळाला साक्ष देता येत नव्हती. तेल अर्धवट थिजविताना त्यात ‘ट्रान्स’ जातीची मेदाम्ले तयार होतात. ती रक्तातील अपायकारक कोलेस्टेरॉल वाढवितात, हे १९९० साली दाखविले तेही हॉलंडमधीलच संशोधकांनी. १ जानेवारी २०२२ पासून भारतात खाद्य तेले व मेद यांत त्यांना शेकडा २ ची मर्यादा आहे.