तळटीप : कॉन्डॉर प्रणाली

कॉन्डॉर : अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात मिरॉन लिव्हनी व सहकाऱ्यांनी विकसित केलेली संगणकप्रणाली. तिच्यावरील शोधनिबंध १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. २०१२ पासून ती ‘एचटीकॉन्डॉर’ या नावाने ओळखली जाते. विद्यापीठातले अनेक संगणक बराच वेळ रिकामे असतात आणि त्याच वेळी काही संशोधकांना गणनक्षमता अपुरी पडते, या निरीक्षणातून ती घडली. प्रणाली रिकामा संगणक शोधून त्यावर काम पाठवते. मूळ वापरकर्ता परतला की झालेल्या कामाची स्थिती जतन करून उरलेले काम दुसऱ्या संगणकावर चालवते. सेकंदाला किती आकडेमोड होते यापेक्षा महिन्याभरात किंवा वर्षभरात एकूण किती काम पार पडते, हा कार्यक्षमतेचा निकष लिव्हनी यांनी रुजवला.

गुरुत्वीय लहरींच्या शोधाला हा निकष नेमका लागू पडतो. जोडताऱ्यांच्या विलयातून येणाऱ्या लहरींचे संभाव्य नमुने आधी गणिताने तयार करून ते उपकरणाच्या नोंदींशी ताडले जातात. या नमुन्यांच्या निवडीवर बी. एस. सत्यप्रकाश आणि संजीव धुरंधर यांनी १९९१ मध्ये पायाभूत निबंध लिहिला. नमुने असंख्य असले तरी प्रत्येक तुलना स्वतंत्र असते, म्हणून काम अनेक संगणकांत सहज वाटता येते. गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या लायगो या वेधशाळेच्या नोंदींच्या विश्लेषणात एचटीकॉन्डॉर वापरली जाते. पुण्याच्या ‘आयुका’ या खगोलशास्त्र संस्थेतील ‘सारथी’ हा संगणकसमूह याच संशोधनासाठी आहे. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ ४ किलोमीटर लांबीच्या दोन भुजांची लायगो-इंडिया वेधशाळा नियोजित आहे. तिला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली.