फजरेची बांग

रावेतला पवनेच्या काठी, महामार्गाची वर्दळ वाढण्यापूर्वी, पूर्वेकडे पाहत उभे राहिले म्हणजे ज्या क्षणी आकाशातील उभी, फसवी धूसरता मावळून क्षितिजालगत आडवा शुभ्र पट्टा पसरतो, तो क्षण इस्लामी शास्त्रात ‘सुबह सादिक’, म्हणजे खरी पहाट, गणला जातो. तेथून सूर्योदयापर्यंत फजरेच्या नमाजाची मुदत. फर्ज, म्हणजे अनिवार्य, अवघे 2 रकात (नमाजाची आवर्तने), त्यापूर्वी सुन्नत, म्हणजे पैगंबरांच्या प्रथेतील, 2. परंतु निद्रेहून प्रार्थना श्रेष्ठ, हे सुन्नी परंपरेतील वाक्य केवळ याच बांगेत उच्चारले जाते. थंडगार पाण्याने वजू, म्हणजे नमाजापूर्वीची हात-तोंड-पाय धुण्याची शुद्धी, करणाऱ्यालाच त्याचा अर्थ खरा कळतो.

आपल्या मुलखाला ही वेळ परकी कधीच नव्हती. ‘फजर’ हा अरबी शब्द फारसीच्या वाटेने जुन्या मराठीत रुळला; गावगाड्यात मशिदीची सेवा करणारा मुलाणा अनेक ठिकाणी बलुतेदारांत गणला जाई, आणि पिकाच्या राशीतून त्याचा हक्क काढून ठेवला जाई. ही गोष्ट मला फार मोलाची वाटते: देवळातील काकडआरतीला उठणारा कुणबीच त्या बांगेच्या धन्याला धान्य मापून देत होता.