जर्मनीत पदव्युत्तर शिक्षण : शुल्क अल्प, तरतूद मोठी

जर्मनीतील बहुतांश सरकारी विद्यापीठे पदव्युत्तर अभ्यासक्रमांसाठी परदेशी विद्यार्थ्यांकडूनही शिक्षणशुल्क घेत नाहीत. विद्यार्थ्याला दर सत्रास केवळ काही युरोशेंची सत्रवर्गणी भरावी लागते. मात्र याला अपवाद आहेत. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याने २०१७ मध्ये युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्यांना प्रतिसत्र १,५०० युरो शुल्क लागू केले. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानेही २०२४ मध्ये शुल्क आकारणी सुरू केली.

खरी कसोटी निर्वाहखर्चाची असते. वर्षभराच्या खर्चाची रक्कम व्हिसा मिळण्यापूर्वीच ‘ब्लॉक्ड अकाउंट’मध्ये जमा करावी लागते. सप्टेंबर २०२४ मध्ये ती ११,९०४ युरो, म्हणजे दहा लाख रुपयांहून अधिक, ठरविण्यात आली. त्यातून दरमहा ९९२ युरोच काढता येतात. याखेरीज भारतीय विद्यार्थ्यांना नोव्हेंबर २०२२ पासून शैक्षणिक कागदपत्रांच्या पडताळणीचे ‘एपीएस’ प्रमाणपत्र सक्तीचे झाले आहे.

पदवीनंतर नोकरी शोधण्यासाठी १८ महिन्यांपर्यंत वास्तव्याची मुभा मिळते, ही जमेची बाजू. तथापि शिकत असताना कामाच्या दिवसांवर मर्यादा असल्याने केवळ अर्धवेळ कमाईच्या भरवशावर निघणे धोक्याचे ठरते. म्हणूनच पालकांनी ‘मोफत शिक्षण’ या शब्दांना न भुलता आधी या रकमेची तजवीज करावी आणि मगच अर्ज भरावा, हे श्रेयस्कर.